करंगळीची वाट

आपल्या मराठींत 'नस' या शब्दाइतका फसवा शब्द क्वचितच दुसरा असेल. ज्या नळींतून रक्त वाहतें ती नस. रात्रीं झोपेंत पोटरीस गोळा आला तर 'नसेवर नस चढली' म्हणून जिच्यावर खापर फोडावयाचें तीही नस. आणि मज्जारज्जूपासून बोटांच्या अग्रांपर्यंत स्पर्शाचे निरोप नेणारी-आणणारी जी सूक्ष्म दोरी, तिचेंही नांव नसच. पाण्याचा नळ, विहिरीचा दोर आणि तारायंत्राची तार या तिन्ही वस्तूंना एकाच नांवानें हांक मारावी, तसाच हा प्रकार आहे. हा दोष एकट्या आमच्या भाषेचा नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. ग्रीकांचा 'न्यूरॉन' हा शब्दही मूळचा स्नायूच्या बंधनाचा आणि धनुष्याच्या दोरीचा. इसवी सनापूर्वींच्या तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें हेरोफिलस आणि एरासिस्ट्रेटस या दोघांनीं प्रेतें चिरून पाहिलीं, तेव्हां कोठें ज्ञान वाहणारी दोरी निराळी आणि मांस हाडास बांधणारी दोरी निराळी, हें ठरलें. भाषेच्या या ढिलाईविषयीं आम्हीं आजन्म तक्रार केली नव्हती. उलट एका शब्दाच्या अनेक अर्थांचें वर्गांत मुलांपुढें कौतुकच केलें असेल. परंतु या एका शब्दापायीं आमच्या डाव्या हाताची करंगळी आम्हांस वर्षाहून अधिक काळ परकी झाली, आणि तेव्हांपासून आमचें तें कौतुक ओसरलें आहे.

२०२२ सालच्या ज्येष्ठांतील गोष्ट. घरीं कांचेचा पेला विसळीत असतां तो हातांतच फुटला, आणि त्याची एक लांबट किरच डाव्या मनगटाच्या वर दोन बोटांवर, करंगळीच्या अंगास, खोल रुतली. रक्त बरेंच गेलें. जवळच्या एका दवाखान्यांत धांवलों. तेथील तरुण गृहस्थांनीं जखम धुतली, चार टांके घातले, आणि आमच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "नशीब बलवत्तर, आजोबा, नस शाबूत आहे." त्यांच्या मनांत रक्ताची नस होती. आम्हांस वाटलें, सगळ्याच नसा शाबूत आहेत. करंगळी बधिर वाटते असें आम्हीं सांगून पाहिलें. तेव्हां "सूज उतरली कीं येईल" असें उत्तर मिळालें, आणि तें आम्हीं निमूटपणें घरीं आणलें. त्या गृहस्थांवर सगळा राग काढणें सोपें आहे, आणि पहिले कांहीं महिने आम्हीं तो काढलाही. पण दुसऱ्यांदा विचारण्याचें काम आमचें होतें, व तें आम्हीं केलें नाहीं. तीस-पस्तीस वर्षें इतरांच्या वाक्यांतील संदिग्धता तांबड्या शाईनें खुणावणाऱ्या माणसास आपल्याच मनगटाविषयींच्या वाक्यांतली संदिग्धता दिसूं नये!

श्रावण सरत आला तेव्हां एक विचित्र गोष्ट ध्यानांत आली. सकाळीं वर्तमानपत्र दोन्ही हातांनीं धरून वाचावयास बसावें, तों डाव्या बाजूचें पान आपोआप निसटून मांडीवर पडे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्यें तें घट्ट धरूं जावें, तर अंगठ्याचें टोंक आंत दुमडे आणि तरीही पकड येत नसे. पुढें कळलें कीं, याच गोष्टीवरून फ्रोमाँ नांवाच्या एका फ्रेंच वैद्यानें १९१५ सालीं एक परीक्षा बसवून दिली आहे. रोग्यास वर्तमानपत्राची घडी अंगठा व तर्जनी यांमध्यें धरावयास सांगावयाची आणि ती ओढून पाहावयाची. मनगटाच्या आंतल्या कडेनें जाणारा मज्जातंतु निकामी असला तर अंगठा असाच दुमडतो. आमचें निदान वर्तमानपत्रानें अगोदरच केलें होतें. वर्तमानपत्रानें खरें तें सांगितल्याचे जे थोडे प्रसंग आमच्या आठवणींत आहेत, त्यांतला हा एक होय.

हात निरखून पाहिला तेव्हां आणखीही दिसलें. करंगळी व अनामिका मुळाशीं ताठ, पण पुढच्या पेरांशीं पक्ष्याच्या नखीसारख्या आंत वळलेल्या. अंगठा आणि तर्जनी यांमधला मांसल उंचवटा बसून तेथें खळगा पडलेला. हाताच्या पाठीवर हाडांमधून पन्हळी उमटलेल्या. सूज केव्हांच उतरली होती. तिच्याबरोबर हातही उतरला होता.

हाताच्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे आम्ही गेलों. वयानें आमच्या मुलीएवढ्या. त्यांनीं कापूस आणि टांचणी घेऊन हात तपासला व सावकाश म्हणाल्या, "काका, नस तुटली आहे. रक्ताची नव्हे, दुसरी." मग त्यांनीं कागदावर आकृति काढून जें सांगितलें, तें वाचकांपुढें ठेवणें अवश्य आहे, कारण तें आम्हांस पन्नाशीपूर्वींच कोणी सांगितलें असतें तर बरें झालें असतें.

कोपर कोठें आपटला असतां जी झिणझिणी करंगळीपर्यंत धांवते, ती ज्या मज्जातंतूची, त्याला 'अल्नर' म्हणतात. तो एक तंतु नव्हे; हजारों तंतूंची ती एक जुडी आहे, आणि तींतील प्रत्येक तंतु मानेजवळच्या एकेका पेशीपासून निघून अखंडपणें हाताच्या टोंकापर्यंत, म्हणजे दोन-अडीच फूट, आलेला असतो. पेशी घरधनी आणि तंतु तिचा लांबविलेला हात. १८५० सालीं ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञानें बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतु कापून, पुढें कांहीं दिवसांनीं त्यांचें काय होतें तें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. त्याला आढळलें कीं, कापलेल्या जागेच्या पलीकडचा सारा भाग तुकडे-तुकडे होऊन विरून जातो. पेशीशीं जोडलेला अलीकडचा भाग मात्र जिवंत राहतो. म्हणून तुटलेली वीजतार सांधली कीं दिवा लागतो, तसें येथें होत नाहीं. टोंकें कितीही सुबक जोडलीं तरी पलीकडची तार आधींच मेलेली असते. अलीकडच्या टोंकानें नवीन अंकुर फोडून सारी वाट पुन्हां पायीं चालावी लागते.

सुदैव एवढेंच कीं, वाट शिल्लक असते. तंतु नाहींसा झाला तरी त्याच्या भोंवतीं गुंडाळलेल्या ज्या पेशी असतात (थेओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचें नांव त्यांना मिळालें आहे) त्या मरत नाहींत. मृत तंतूचा कचरा काढण्यास त्या हातभार लावतात, आपली संख्या वाढवितात, आणि रांगेनें उभ्या राहून पोकळ नळीसारखा एक मार्ग धरून ठेवतात. शिवाय अंकुरास ओढून आणणारीं द्रव्यें पाझरतात. मालक गेल्यावरही वाड्यांत झाडलोट करून सांजवात लावणाऱ्या जुन्या नोकरांसारखें हें आहे. परंतु नोकर झाले तरी ते किती वर्षें वाट पाहणार? महिन्यामागून महिने गेले कीं या पेशीही थकतात, आणि हालचालीचा हुकूम न मिळालेले स्नायु वर्ष-दीड वर्षांत कायमचे वाळून जातात. आमचे साडेतीन महिने 'सूज उतरण्याची' वाट पाहण्यांत गेले होते.

कापलेलीं टोंकें एव्हांना आंखडून दूर गेलीं होतीं, आणि वरच्या टोंकास वाट न सांपडलेल्या अंकुरांचा एक गोळा झाला होता. तो छाटला म्हणजे मध्यें दोन सेंटिमीटरांचें अंतर पडणार. टोंकें ओढून जोडावीं तर ताणामुळें जोड फुकट जातो. व्हिएन्नाच्या हान्नो मिलेझी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत हें आग्रहानें मांडलें, आणि ताण देण्यापेक्षां मध्यें दुसऱ्या मज्जातंतूचे तुकडे पुलासारखे बसवावे, ही पद्धति रूढ केली. हा दुसरा मज्जातंतु आणावयाचा कोठून? आपल्याच पोटरीच्या मागून. "पायाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि काका, हाताचा जोर सगळा परत येईल असें तुमच्या वयांत मी सांगणार नाहीं. स्पर्श बराचसा येईल अशी आशा आहे."

घरीं मोठा वाद झाला. आमच्या कुटुंबाचें म्हणणें असें कीं, "अहो, डावा तर हात, त्यांतली करंगळी; तिच्यासाठीं धडका पाय कशाला बिघडवून घेतां?" या प्रश्नास आमच्याजवळ चांगलेंसें उत्तर नव्हतें. आम्हीं होकार दिला तो धैर्यानें नव्हे. रोज सकाळीं तें पान मांडीवर पडे, आणि तें उचलण्यास त्या कांहीं न बोलता पुढें होत. तें आम्हांस सहन होईना.

नवरात्रांत शस्त्रक्रिया झाली. केंसाहून बारीक धागा, आणि डोळ्यापुढें सूक्ष्मदर्शक. शुद्धीवर आलों तेव्हां हात होता तसाच बधिर होता. वर पाऊलही बधिर झालें होतें. हिशेबाच्या वहींत त्या दिवशीं केवळ खर्चाची बाजू भरली.

यापुढचें सारें वाट पाहणें. अंकुरांस फुटून जोडापलीकडे जावयास तीन-चार आठवडे, आणि मग सुमारें एक मिलिमीटर रोज, म्हणजे महिन्यास इंचभर, असा हा प्रवास. नातीच्या कंपासपेटींतली पट्टी घेऊन आम्हीं अंतर मोजलें: व्रणापासून करंगळीच्या टोंकापर्यंत सत्रा सेंटिमीटर. एकशें सत्तर दिवस आणि वर एक महिना. नखें वाढतात त्याच्या सुमारें दहापट वेगानें आमच्या हातांत कांहींतरी चाललें होतें, आणि त्याची आम्हांस गंधवार्ता नव्हती. चालणाऱ्याचें रूप प्रथम ओळखलें तें स्पेनच्या सांतियागो रामोन इ काखाल यांनीं. १८९० सालीं कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांत वाढत्या तंतूच्या टोंकाशीं त्यांना एक शंकूसारखा फुगवटा दिसला. वाट चांचपीत, मऊ जागीं घुसत जाणारें तें टोंक. मेलेल्या, रंगविलेल्या पापुद्र्यांत जें पाहिलें त्यावरून हा माणूस त्याची चाल सांगत होता. १९०७ सालीं अमेरिकेंत रॉस हॅरिसन यानें बेडकाच्या गर्भांतील मज्जापेशी लसीकेच्या थेंबांत जिवंत ठेवून ती चाल प्रत्यक्ष पाहिली, तेव्हां काखाल यांचें म्हणणें खरें ठरलें. तुटलेल्या मज्जातंतूंच्या ऱ्हासावर व पुनरुद्भवावर काखाल यांनीं १९१३-१४ सालीं दोन मोठे खंड लिहिले. आजही या विषयाचा अभ्यासक त्यांस नमस्कार केल्यावांचून पुढें जात नाहीं.

हा अदृश्य प्रवासी कोठवर आला, हें कळण्याची एक युक्ति डॉक्टरबाईंनीं शिकविली. मज्जातंतूच्या वाटेवर खालून वर बोटानें हलकेच टिचक्या मारीत यावें. ज्या जागीं अंकुरांचीं कोंवळीं टोंकें असतील तेथें टिचकी लागतांच मुंग्या येतात. आणि गंमत अशी कीं, त्या मुंग्या टिचकीच्या जागीं येत नाहींत, बधिर करंगळींत येतात! जिला सुई टोंचली तरी कळत नाहीं, ती करंगळी चार इंच दूरच्या टिचकीनें झिणझिणते. मेंदूला अजून तिचा पत्ता पाठ असतो. ही खूण १९१५ सालीं फ्रान्समध्यें झ्यूल तिनेल यांनीं प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षीं जर्मनींत पाउल हॉफमन यांनीं. दोन्ही राष्ट्रें त्या वेळीं एकमेकांच्या तरुणांचे हातपाय तोडण्यांत गुंतलेलीं, आणि त्यांचे दोन वैद्य, एकमेकांस न विचारतां, त्याच जखमांवर एकच टिचकी मारीत बसलेले! त्या युद्धानें मज्जातंतूंचें ज्ञान पुष्कळ वाढविलें, असें ग्रंथांतून लिहिलेलें असतें. वाक्य खरें आहे. पण तें वाचतांना घास अडकतो.

दर रविवारीं आम्ही टिचक्या मारूं लागलों व पेनानें खूण करून वहींत टिपूं लागलों. संक्रांतीस मनगटाच्या वळीपुढें दीड इंच. पाडव्यास करंगळीच्या मुळाशीं. हिशेबानें मधल्या पेरापर्यंत यावयास हवें होतें. बागेंतलें रोप रोज उपटून मूळ पाहणाऱ्या पोरासारखें हें वर्तन आहे, असें कुटुंबानें सुनावलें. आम्ही रविवारचे टिचकी मारीत असूं, तशी चोरून बुधवारींही मारीत असूं, हें त्यांना ठाऊक नव्हतें.

याच दिवसांत एका स्नेह्यानें हेन्री हेड यांच्या प्रयोगाची हकीकत वाचावयास दिली, आणि आमचें मन तींत अगदीं रमून गेलें. हेड हे लंडनमधील नामांकित वैद्य. मज्जातंतूंस इजा झालेल्यांना तपासतांना त्यांना नेहमीं एक अडचण येई. रोगी बिचारा दमलेला, कामावर परतण्याच्या विवंचनेंत असलेला. 'नेमकें काय वाटतें, कोठें वाटतें, कसें वाटतें' असें तासन्‌तास विचारून त्याच्याकडून सूक्ष्म उत्तर मिळावें तरी कसें? म्हणून त्यांनीं आपलेच मज्जातंतु कापून घ्यावयाचें ठरविलें. २५ एप्रिल १९०३ रोजीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, डाव्या कोपराजवळचे त्वचेकडे जाणारे दोन मज्जातंतु त्यांनीं शस्त्रवैद्यांकडून कापवून घेतले व टोंकें रेशमी धाग्यानें जोडवून घेतलीं. पुढें चार वर्षांहून अधिक काळ, सवड मिळेल तेव्हां ते केंब्रिजला जात आणि सेंट जॉन्स कॉलेजांत डब्ल्यू. एच्. आर. रिव्हर्स यांच्या खोल्यांत डोळे मिटून बसत. रिव्हर्स कापूस, सुया, ताठ केंस, थंड-ऊन नळ्या घेऊन त्या हातास स्पर्श करीत आणि उत्तर टिपून घेत. हे रिव्हर्स म्हणजे आपल्या निलगिरीवरील तोडा लोकांत राहून ज्यांनीं १९०६ सालीं त्यांच्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेच. एका पहाडावरच्या लोकांच्या नात्यागोत्यांची वंशावळ ज्या चिकाटीनें त्यांनीं लिहून काढली, त्याच चिकाटीनें मित्राच्या हाताचे चौरस इंच लिहून काढले.

त्यांना दिसलें असें: मज्जातंतु तुटल्यावरही त्या त्वचेवर दाब दिला तर तो कळे, तो खोलवरच्या दुसऱ्या तंतूंचा. मग कांहीं आठवड्यांनीं त्वचेचें ज्ञान परत येऊं लागलें, पण तें रानटी स्वरूपांत. सुई टोंचली तर वेदना प्रमाणाबाहेर, पसरलेली, आणि कित्येकदां भलत्याच जागीं जाणवणारी. कापसाचा हलका स्पर्श मात्र कळतच नसे. तो कळूं लागण्यास, आणि येथें कीं तेथें हें सांगतां येण्यास, पुष्कळच अधिक काळ लागला. यावरून हेड यांनीं स्पर्शज्ञानाच्या दोन पायऱ्या कल्पिल्या, एक आदिम आणि एक सुधारलेली, आणि १९०८ सालीं 'ब्रेन' नामक नियतकालिकांत दोघांनीं तो लांबलचक निबंध छापला. सिद्धांत फार दिवस टिकला नाहीं. पुढच्याच वर्षीं विल्फ्रेड ट्रॉटर आणि मॉरिस्टन डेव्हिस या दोघांनीं आपापल्या अंगावरचे मज्जातंतु कापून घेतले आणि हेड यांच्या दोन पायऱ्या आम्हांस सांपडत नाहींत असें जाहीर केलें. वादांत प्रतिपक्षाचें म्हणणें खोडण्यासाठीं स्वतःचे हातपाय चिरून घेणारे विद्वान आमच्या साहित्यसंमेलनांत आढळत नाहींत, याचें दुःख मानावें कीं समाधान, तें वाचकांनींच ठरवावें. हेड यांना उत्तरायुष्यांत कंपवातानें ग्रासलें, व १९४० सालीं ते वारले. सिद्धांत गेला, परंतु रिव्हर्सच्या खोलींत डोळे मिटून बसलेला तो माणूस आमच्या मनांतून जात नाहीं.

त्यांचें अनुकरण करण्याचा मोह आवरला नाहीं. आम्ही हेड, आणि आमचें कुटुंब रिव्हर्स. आम्हीं डोळे मिटावे, त्यांनीं कापसाच्या बोळ्यानें करंगळीस स्पर्श करावा, व आम्हीं 'हो' म्हणावें. वैशाखांतल्या एका रविवारीं आम्हीं पंधरा वेळां 'हो' म्हटलें. डोळे उघडून पाहतों तों कापूस ताटलींत, आणि त्या शेंगा निवडीत बसलेल्या. "मी केव्हांच थांबलें होतें," त्या म्हणाल्या. आम्ही लबाडी करीत नव्हतों. आम्हांस खरोखरच स्पर्श झाल्यासारखें वाटत होतें. त्या दिवसापासून हेड यांच्याविषयींचा आमचा आदर दुणावला. मज्जातंतु कापून घेणें हा त्यांच्या प्रयोगांतला सोपा भाग असावा. जें वाटावें अशी इच्छा आहे तें न वाटल्यास 'नाहीं' म्हणणें, आणि तें चार वर्षें म्हणत राहणें, हा अवघड.

आतां जें लिहावयाचें तें लिहावें कीं न लिहावें असा पुष्कळ विचार केला. त्याच उन्हाळ्यांत आम्ही एस्. टी.नें जात होतों. तिकिटाचे उरलेले पैसे घेण्यासाठीं डावा हात पुढें केला. कंडक्टरनें हाताकडे पाहिलें, बोटांच्या नखीकडे पाहिलें, आणि पैसे आमच्या तळहातावर न ठेवतां बांकावर ठेवले. शेजारचा उतारू थोडा सरकून बसला. कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्हांस प्रथम अर्थ लागला नाहीं. लागला तेव्हां कानशिलें तापलीं. 'अहो, ही कांचेची जखम आहे, तो रोग नव्हे' असें ओरडून सांगावेंसें वाटलें, आणि त्याच क्षणीं आमच्या गांवच्या देवळाच्या पायऱ्या आठवल्या. तेथें एक मनुष्य बसे. त्याचीं बोटें अशींच. आई आमच्या हातांत पैसा देई व म्हणे, "वरून टाक, बाळ, हात लावूं नको." आम्हीं वरून टाकीत असूं. डब्यांत पैसा पडल्याचा आवाज अजून ऐकूं येतो.

बोटें अशींच होतीं याचें कारणही एकच. कुष्ठरोगाचे जंतु १८७३ सालीं नॉर्वेच्या हान्सेन यांनीं शोधून काढले. हे जंतु मज्जातंतूंतच घर करतात, आणि त्यांतही शरीराच्या थंड, त्वचेलगतच्या भागांतून जाणाऱ्या मज्जातंतूंत. कोपराजवळचा अल्नर हें त्यांचें आवडतें ठिकाण. त्या माणसाची व आमची व्याधि एका अर्थीं तीच होती. तोडणारें हत्यार तेवढें वेगळें. बोटें झडतात तीं रोगानें झडतात अशीच समजूत शतकानुशतकें होती. १९४६ सालीं वेल्लोरला आलेल्या पॉल ब्रँड या शस्त्रवैद्यानें ती खोटी ठरविली. ब्रँड यांचा जन्म तमिळ मुलुखांतल्या कोल्ली डोंगरांतला. चिंगलपुटच्या कुष्ठधामांत एका रोग्यानें वांकड्या बोटांनीं त्यांचा हात इतका घट्ट दाबला कीं त्यांना कळ आली. तेव्हां त्यांच्या लक्षांत आलें कीं, या हातांतले पुष्कळ स्नायु धडके आहेत, आणि या माणसाला आपण दुसऱ्यास दुखवितों आहों हें कळत नाहीं. चांगल्या स्नायूच्या दोऱ्या वळवून वांकडीं बोटें सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनीं १९४८ पासून चालविल्या. आणि बोटें कां जातात याचा ते गुप्त पोलिसासारखा माग काढूं लागले. गंजलेलें कुलूप कोणास उघडेना, तें एका पोरानें किल्ली पिळून उघडलें. पाहतात तों बोट हाडापर्यंत चिरलेलें, आणि पोराला पत्ता नाहीं. रात्रीं झोपेंत उंदीर बोटें कुरतडून जात. म्हणून रोग्यांना मांजरें पाळावयास दिलीं. पुढें अमेरिकेंत असतां ब्रँड यांनीं कृत्रिम वेदना देणारे हातमोजे करविले: दाब वाढला कीं आधीं कानांत सूचना, आणि ती मानीनात म्हणून मग काखेंत विजेचा झटका. रोगी काय करीत? अवघड काम करावयाचें असलें कीं यंत्र बंद करून ठेवीत आणि काम झालें म्हणजे पुन्हां सुरू करीत. जी वेदना बंद करतां येते तिचा उपयोग नाहीं, असें पाहून तो नाद सोडावा लागला.

हें वाचण्यापूर्वींच आम्हांस त्याचा दाखला मिळाला होता. चैत्रांत एकदां स्वयंपाकघरांत ओट्याशीं टेकून बोलत उभे होतों. कुटुंब म्हणालें, "कांहीं करपलें वाटतें." करपत होती ती आमची करंगळी, तव्याच्या कडेस लागलेली. फोड आला, पिकला, महिनाभर चिघळला, आणि एकदांही दुखला नाहीं. न दुखणाऱ्या जखमेची किती भीति वाटते, हें त्या महिन्यांत कळलें. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्र्यांच्या कुष्ठानें पीडित अंगाला स्वतःच्या हातांनीं मालीश करीत, ही हकीकत आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली आहे. सांगतांना आमचें लक्ष नेहमीं गांधीजींच्या हाताकडे असे. दुसऱ्या देहास त्या हाताचा स्पर्श कोठें कळत असेल आणि कोठें कळत नसेल, हा विचार या फोडानंतर सुचला.

आमच्या आळींत एक तरुण आहे. मोटारसायकलच्या अपघातांत त्याच्या पाठीच्या कण्यास इजा होऊन कमरेखालचें अंग गेलें. चाकाच्या खुर्चींत असतो. वहींतल्या खुणा आम्ही कौतुकानें सगळ्यांना दाखवीत असूं, तशा त्यालाही एकदां दाखविल्या. तो म्हणाला, "काका, तुमची नस वाढते, मग माझी कां नाहीं?" वही मिटावी लागली. पुढें डॉक्टरबाईंना विचारून जें समजलें तें त्याला जाऊन सांगितलें. मज्जारज्जूच्या आंत श्वानच्या पेशी नसतात. तेथल्या वेष्टणांत वाढ रोखणारीं द्रव्यें असतात, त्यांचा माग झूरिकच्या मार्टिन श्वाब यांनीं काढला. शिवाय जखमेच्या जागीं व्रणाची भिंत उभी राहते. पण माँट्रिअलचे आल्बर्ट अग्वायो यांनीं १९८०-८१ सालीं उंदरांच्या मज्जारज्जूशीं हातापायांतल्यासारख्या मज्जातंतूचा तुकडा जोडून दाखविलें कीं, आंतले तेच तंतु या तुकड्यांत शिरून इंचभर व त्याहूनही अधिक वाढतात. त्यावर आज पुष्कळ ठिकाणीं काम चालू आहे. माणसाच्या कामीं येईल असें पुरतें औषध अजून हातीं लागलेलें नाहीं. त्यानें सगळें ऐकून घेतलें. थोड्या वेळानें म्हणाला, "म्हणजे चालणारा आहे, रस्ता नाहीं." आम्हांस पुढें कांहीं बोलवेना. हल्लीं त्याच्याकडे जातों तेव्हां वही घेऊन जात नाहीं.

२०२३ च्या अधिक श्रावणांत करंगळीच्या टोंकास कापूस कळला. या खेपेस कुटुंबानें तीन वेळां फसवून पाहिलें आणि तीनही वेळां आम्हीं 'नाहीं' म्हटलें, म्हणून तें खरें मानावयाचें. आलेला स्पर्श ओळखीचा मात्र नव्हता. हजारों तंतूंपैकीं कित्येक चुकीच्या नळ्यांत शिरले असावे. करंगळीस हात लावला तर अनामिकेस लावल्यासारखें वाटे, आणि थंड पाण्यांत हात घातला तर आग होई. आंतली बिऱ्हाडें बदललीं होतीं, पण टपालवाला जुन्याच पाट्या पाहून पत्रें टाकीत होता. हाताचा जोर निम्माशिम्मा आला. खळगा भरला नाहीं. वर्तमानपत्र अजून निसटतें, पण पूर्वीसारखें एकदम नव्हे, पडण्यापूर्वीं कळतें.

मेंदूला नवे पत्ते पाठ करवून घ्यावयाचे, तर त्याला मुलासारखें शिकवावें लागतें, असें डॉक्टरबाईंनीं सांगितलें. आणि ती शिकवणी आमच्या नातीकडे लागली. एका कापडी पिशवींत ती जिन्नस घालते. आम्हीं डोळे मिटून डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांनीं आणि अंगठ्यानें चांचपून नांव सांगावयाचें. रुपया, किल्ली, बटण, सागरगोटा, खोडरबर. किल्ली साधते. रुपया आणि बटण यांत गोंधळ होतो. दिवाळीच्या सुटींत एकदां तिनें हातांत कांहींतरी बारीक, गुळगुळीत ठेवलें. आम्हीं तें पुष्कळ वेळ फिरवून पाहिलें व म्हटलें, "चिंचोका."

"हरलांत, आजोबा! सीताफळाची बी."

"पुन्हां दे पाहूं."

"आधीं हरलों म्हणा."

आम्ही हरलों म्हणालों, आणि तिनें पिशवींत हात घातला.